त्या बेटांवर पुढे काय झालं

गुरुजी,

त्या बेटांवरच्या लोकांचं पुढे काय झालं ते मला कळलं आहे. हा प्रश्न तुम्ही मला इतक्या वेळा विचारलात, की तुम्ही गेल्यावर तो मी स्वतःला विचारत राहिलो. गेल्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका वाचनालयात अमेरिकेहून आलेलं जुनं मासिक चाळत होतो, आणि उत्तर एकदम समोर आलं. पहिली इच्छा अशी झाली की तसंच उठावं आणि तुम्हाला सांगायला तडक खालापूर गाठावं. मग भानावर आलो. आज लोधिवलीला एका शेतकऱ्याच्या ओटीवर बसलो आहे. दुपारची उघडीप आहे, घरची माणसं भातातलं तण काढायला, बेणणीला, गेली आहेत, दारात कोंबड्या चिखल उकरताहेत. उद्या चौक गावी मला बोलायचं आहे आणि काय बोलायचं ते ठरत नाही. ज्यानं जन्मभर बोलण्यापलीकडे फारसं काही केलं नाही त्यानं हे लिहावं याचं मलाच हसू येतं. पण असं अडलं की मी मनातल्या मनात तुमच्याशीच वाद घालत आलो आहे, तर आज तो कागदावर घालतो.

अडलं आहे ते असं. चौकला आमच्या मंडळाच्या सगळ्या गावसभा जमणार आहेत आणि पुण्याहून मोठी मंडळी येणार आहेत. आमचं मंडळ तुम्ही पाहिलं नाहीत. सगळ्या जातींनी एका पंगतीला जेवावं, पोरंपोरी दोघांनाही शाळेत घालावं, दगडाला आणि लाकडाला हात जोडू नयेत, एवढ्यावर ते उभं आहे. कडावची सभा मी स्थापन केली, ते माझंच गाव. पण प्लेगाच्या साली मी मुंबईला कामाला गेलो, तिथून मंडळानं वऱ्हाडात धाडलं, आणि सहा-सात वर्षं इकडे फिरकणं झालं नाही. आता पुण्याच्या कानावर गेलं आहे की कडावचे लोक सभेत एक इरलं, पावसात डोक्यावर घ्यायचं पानांचं, मधे मांडून त्याची पूजा करतात. म्हणून मीच जाऊन पाहायचं आणि उद्या सर्वांसमोर सांगायचं, की कडावची सभा आपली राहिली आहे की नाही. मी नाही म्हटलं तर मंडळ तिच्यावरून हात काढून घेईल. गावातले जुने लोक त्याचीच वाट पाहत आहेत. मंडळ पाठीशी आहे म्हणून सभेतल्या पंधरावीस घरांना ते हात लावत नाहीत. उद्या मंडळ नसलं, तर परजातीबरोबर जेवलेल्या बायकांना विहिरीवर कोण घागर भरू देईल?

तुमचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर येतं. मी कडावहून खालापूरला आत्याकडे राहून तुमच्या शाळेत शिकतो आहे. तुमची बायको जाऊन बरीच वर्षं झाली आहेत आणि तुम्ही स्वतःच चूल पेटवता. मी उंबऱ्याबाहेर बसून भूगोलाचा धडा म्हणतो. पॅसिफिक महासागर म्हणताना माझी जीभ अडखळते. तेव्हा तुम्ही सुपातले मूठभर तांदूळ घेऊन ओल्या सारवलेल्या जमिनीवर भिरकावता आणि म्हणता, "हे बघ. हे दाणे म्हणजे बेटं. मधे सगळं पाणी. आता सांग, एका दाण्यावरून दुसऱ्या दाण्यावर माणूस कशाला जाईल?" मी म्हणतो, "मासे पकडायला." तुम्ही हसता. "ते तर जातातच. पण एक माणूस त्यांना देव सांगायला गेला होता. तो माझ्याकडे मराठी शिकायला यायचा."

मग तुम्ही ती हकिगत सांगितलीत. पुण्याच्या छावणीत तुम्ही तरुणपणी साहेबांना मराठी शिकवत होता, तेव्हा अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाचा एक उपदेशक तुमच्याकडे आला. त्या पंथाची माणसं खिशात पैसा न घेता निघतात, जो कुणी घरात घेईल त्याच्याकडे राहतात. त्यांचा देव येशूचाच, पण त्यांच्या देशात जमिनीत पुरलेले सोन्याचे पत्रे सापडले आणि त्यांवर देवाचा आणखी एक ग्रंथ लिहिलेला होता, अशी त्यांची श्रद्धा. इतर पाद्री त्यांना दारात उभं करत नसत. हा माणूस ताहितीच्या पलीकडल्या सखल बेटांवर राहून आला होता. तिथे ना नदी, ना शेत. नारळ, मासे, आणि एका झाडाच्या फळाचं आंबवलेलं पीठ. तो त्यांच्या झोपडीत निजला, त्यांच्या पोरांनी बोट दाखवून शिकवले ते शब्द शिकला, आणि एकाच लाकडी परातीत सगळ्यांबरोबर हात घालून जेवला. बेटांवरची माणसं त्याचं ऐकू लागली, आपली आपण गाणी रचू लागली, होडीत बसून दुसऱ्या बेटांवर सांगायलाही जाऊ लागली. मग तिथल्या फ्रेंच सरकारनं असे निर्बंध घातले की गोऱ्या उपदेशकांना निघून यावं लागलं. पुण्यात त्याचं कुणी ऐकलं नाही, दोन-चार शिपाई सोडले तर. तो पाठ घ्यायला बसला की तुम्हाला म्हणायचा, "पंडितजी, आमच्या मागे ती माणसं अजून गात असतील का?" तुम्हाला काय ठाऊक असणार!

एवढं सांगून तुम्ही चुलीवरचा भात ताटात काढलात आणि थांबलात. "एका परातीत जेवलेला माणूस माझ्या घरी आला," तुम्ही म्हणालात, "आणि मी त्याला ओटीच्या कडेला बसवायचो. पाणी वरून ओतायचो. तो गेला की जागा धुवून घ्यायचो. त्याला माझ्याकडून मराठी शिकायची होती रे. मी त्याला बाकी काय शिकवलं ते त्याला नक्की समजलं असेल." तुम्ही उठून ताट उंबऱ्यावर आणलंत, मधोमध ठेवलंत, एका बाजूला स्वतः बसलात आणि म्हणालात, "घे. निवतोय." भातावर कुळथाचं पिठलं होतं. शेतकऱ्याचं पोर मी. पंतोजींच्या ताटात हात घालायचा म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं, आणि घातला नाही तर काय, तेही त्या क्षणी कळलं. मी जेवलो. पुढे मी हजारो माणसांना सहभोजनावर व्याख्यानं दिली, इंग्रजीतली आणि मराठीतली सगळी पुस्तकं त्यासाठी उपसली. त्या ताटापेक्षा जास्त पटणारं मला त्यांत सापडलेलं नाही.

दुसरा आठवतो तो खोपोलीचा दिवस. मी पुण्याहून शिकून आलो होतो आणि तळ्याकाठच्या जत्रेत पहिलं भाषण ठोकलं. पाद्र्यांवर तोंडसुख घेतलं, भटांवर घेतलं, सरकारवर घेतलं, आवाज असा लावला की पलीकडच्या काठावरची दुकानं ओस पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, टोप्या उडवल्या. मी घामाघूम होऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही छत्री टेकवून उभे होता. वाटलं, पाठ थोपटाल.

"झालं बोलून?" तुम्ही विचारलंत.

"झालं."

"तुझं ऐकून लोक एकमेकांशी काय बोलले?"

"बोलले कुठे? टाळ्या वाजवल्या आणि जत्रेत गेले."

"मग कशाला बोललास?"

मला इतका राग आला की महिनाभर तुमच्याकडे आलो नाही. पुढे कधी तरी आलो, तुम्ही चहा टाकलात, आणि त्या गोष्टीचं नाव तुम्ही काढलं नाहीत आणि मीही काढलं नाही. शेवटच्या आजारपणात तुम्ही मला दोनच गोष्टी विचारल्यात. एक, औषध कडू का असतं. दुसरी, त्या बेटांवर पुढे काय झालं.

तर ऐका. चाळीसेक वर्षं तिथे त्यांचा एकही गोरा उपदेशक राहिला नव्हता. मधल्या काळात सरकारचा जाच झाला, त्याच पंथातून फुटलेल्या दुसऱ्या शाखेची माणसंही तिथे पोचली आणि बरेच लोक त्यांच्याकडे गेले. पण मूळच्या उपदेशकांच्या बाजूची माणसं जेव्हा परत बेटांवर उतरली, तेव्हा त्यांना आढळलं की पुष्कळ ठिकाणी लोक जमतच होते. प्रार्थना म्हणत होते, गात होते, आपल्यातलाच वडीलधारा नेमून बाप्तिस्मे देत होते. जुन्या उपदेशकांपैकी एक जण म्हातारपणी परत गेला, त्याला पाहून ओळखणारेही निघाले. तो तुमचा विद्यार्थी होता की दुसरा कुणी, ते कळायला मार्ग नाही. मला त्यांचा देव पटत नाही, त्यांचे सोन्याचे पत्रे पटत नाहीत, आणि समुद्र ओलांडून दुसऱ्याला धर्म शिकवायला जाणाऱ्या कुठल्याही माणसाविषयी माझं मत तुम्हाला माहीत आहे. तरीही वाचनालयात ते वाचताना मी उठून उभा राहिलो. शेजारच्या पारशी म्हाताऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं. गात होते, गुरुजी. अजून गात होते.

पण चाळीस वर्षांत गाणं तेच राहील का? चाल बदलली असेल, शब्द बदलले असतील, कुणी तरी आपल्या आजीची एखादी समजूत त्यात मिसळली असेल. परत गेलेल्यांनी ते ऐकलं तेव्हा काय केलं? दुरुस्त केलं, की खाली बसून तेही गाऊ लागले? ते मासिकात नव्हतं. मी पुढचे-मागचे अंक शोधले. मला नेमकं तेच हवं होतं, आणि नेमकं तेच कुणी लिहिलं नव्हतं. ते हवं होतं, कारण तोवर कडावच्या इरल्याची बातमी माझ्यापर्यंत पोचलेली होती.

परवा अवस होती. अवसेला आमच्याकडे नांगर धरत नाहीत, माणसं मोकळी असतात, म्हणूनच मी सभेला तो दिवस ठरवून दिला होता. कर्जतला उतरून भिसेगावातून चालत कडावला गेलो. वाटभर माझं भाषण तयार होत होतं. मूर्ती फोडणाऱ्यांनीच नवी मूर्ती घडवावी! एकेक वाक्य असं धारदार होत होतं की मी शेताच्या बांधावर एकटाच हात उगारत होतो, आणि एका बाईनं बेणता बेणता मान वर करून "काय झालं गं याला?" असं शेजारणीला विचारलं.

सभा अजून त्याच जागी भरते, म्हशींच्या गोठ्याच्या पडवीत. सगळे जमले होते, आणि मधोमध पाटावर इरलं उभं होतं. बांबूच्या काड्यांचं, पळसाच्या पानांनी शाकारलेलं, लावणीला बाया पाठीवर घेतात तसलं. मी तरातरा मधे गेलो तशी काकी ओरडली. काकी म्हणजे माझ्या पहिल्या सभेत मला सगळ्यांत जास्त टोमणे मारणारी बाई. आता ती सभा चालवते.

"आरं, तिथं नको बसू. ती इरल्याची जागा हाय."

"इरल्याची जागा? आणि ही पूजा कुणी सुरू केली?"

"पूजा कोन करतंय? फूल दिसतंय का तुला? कुकू दिसतंय?"

नव्हतं दिसत. मी म्हटलं, "मग हे पाटावर कशाला?"

"खाली शेन हाय म्हनून," काकी म्हणाली, आणि सगळे हसले.

मी आवाज चढवला. म्हटलं, मी एकदा पावसाचं इरलं घेऊन आलो होतो, ते जपून ठेवून तुम्ही माझंच देऊळ मांडलंत! कोपऱ्यातून एक म्हातारा म्हणाला, "तुजं कवाच चुलीत गेलं, भाऊ. उंदरानं खाल्लं व्हतं. ह्ये चौथं हाय."

"मग ते लागतं कशाला?"

"आता घ्या! बोलायला लागतं," काकी म्हणाली. "तूच नाय का शिकवलं? पैल्या सभेला इरलं डोक्यावं घेऊनच बोलला व्हतास. धा जनांत बोलायचं तर इरल्यात बसून बोलायचं, ही सभेची रीत."

"अहो काकी, छप्पर गळत होतं म्हणून मी ते काढलं नाही!"

"गळत व्हतं खरं," ती शांतपणे म्हणाली. "मागंच शाकारलं. आता नाय गळत. तू बस."

मी बसलो. काय करणार? आणि मग एक तरणी सून पुढे आली. तिचा सासरा माझ्या शेजारीच बसला होता, मिशा पिळत. सासऱ्यासमोर तोंड उघडणं सोडा, आमच्याकडे सून उभीही राहत नाही. तिनं इरलं उचललं, डोक्यावर घेतलं, पुढे ओढलं आणि पाटावर बसली. चेहरा दिसेना. पानांतून आवाज आला, बारीक पण सरळ.

"माज्या पोरीला साळंत घालायची हाय."

सासरा मला वाटलं ताडकन उठेल. तो इरल्याकडे न पाहता काकीला म्हणाला, "इरल्याला इचार, पोरगी साळंत गेली तर गुरं कोन राखंल?"

"सकाळची गुरं मी नेईन. साळा सुटल्यावं पोरगी आनंल," इरलं म्हणालं.

"आन इरलं गुरांमागं गेलं तर कर्जतला दूध कोन घालंल?"

"तुमी. तुमी नायतरी चा प्यायला कर्जतला जाताच."

गोठा खो खो हसला. सासराही हसला, मिशीत, पण हसला. नंतर म्हणाला, पोरांच्यात एकटी पोरगी कशी बसवायची? त्यावर दुसरा कुणी म्हणाला, माझीही धाडतो, दोघी बसतील. आता माझ्यानं राहवेना. स्त्रीशिक्षण! माझा जन्म गेला त्या विषयात. मी गुडघ्यावर उठलो, हात वर केला, "बंधूंनो" एवढं म्हटलं, तोच काकी वळली.

"तू गप रं. तुज्या डोक्यावं इरलं नाय."

मी हात खाली घेतला आणि बसलो. ते बोलत राहिले. एकमेकांशी. बराच वेळ. ती इरलं ठेवून मागे गेली तेव्हा सासरा तिच्याशी बोलला नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही, पण काकीला म्हणाला, "इरल्याला सांग, सोमवारी घालू." घरी गेल्यावर त्या सुनेला कुणी काही म्हणत नाही, हे मला नंतर त्याच म्हाताऱ्यानं सांगितलं. ती थोडीच बोलली? इरलं बोललं. मग परात आली, तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीचं कालवण, आणि आम्ही सगळे जेवलो. ज्याच्याबरोबर जेवलो म्हणून मला एकेकाळी शिव्या मिळाल्या होत्या तो म्हातारा माझ्या हातातली भाकरी ओढून म्हणत होता, "आरं, वऱ्हाडात खाल्लं नाय का काय?"

गुरुजी, खोपोलीच्या तळ्यावर तुम्ही जे विचारलं होतंत, त्याला उत्तर द्यायला मला इतकी वर्षं लागली, आणि ते दिलं त्या गोठ्याच्या गळक्या छपरानं. माझ्या व्याख्यानांतलं त्यांनी किती ठेवलं मला ठाऊक नाही. मी विलायतेतल्या मिल्लसाहेबापासून मनूपर्यंत सगळ्यांना त्या गोठ्यात आणून उभं केलं होतं, त्यांतलं कुणी शिल्लक दिसलं नाही. पण मंडळाला बायकांना बोलतं करायचं होतं आणि ते आम्हाला पुण्यातसुद्धा जमलेलं नाही. तिथे ठराव होतात; ठराव मांडणारे पुरुष, अनुमोदन देणारे पुरुष. उद्या मी सांगणार आहे, की कडावची सभा आपली आहे. इरल्याचं काय, असं विचारतील. जे पाहिलं ते सगळं सांगेन, आणि हेही सांगेन की त्यात हात घालायचा असेल तर आधी कडावला जाऊन, ते डोक्यावर घेऊन, काकीसमोर बोलून दाखवा. पुण्याची मंडळी चिडतील. चिडू देत. भाषण मात्र लहान करायचं आहे, आणि मला त्याची सवय नाही.

हा कागद इथेच चौघडी करून पिशवीत टाकेन, आणि तो तिथेच राहील. पण उद्या चौकला जे सांगणार नाही ते तुम्हाला सांगतो. जेवण झाल्यावर मी निघतो म्हटलं. काकी भांडी गोळा करत होती. ती म्हणाली, "येशील तवा ये. नाय जमलं तरी सभा चालंल." तिनं ते मायेनं म्हटलं, मला दिलासा द्यायला. तेवढ्यासाठीच तर मी आयुष्य घातलं होतं. मी हसून बरं म्हटलं, जोडे घातले, आणि जोड्यांतला चिखल झाडायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ पायरीवर रेंगाळलो. मला वाटत होतं, कुणी तरी म्हणेल, आज राहा.